ई-पीक पाहणी (डीसीएस) : ॲप वापरा, पण नकाशाचा प्रश्न लावून धरा

सातबारा म्हणजे दोन नमुन्यांचा कागद. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाची, आणि गाव नमुना बारा सांगतो त्या जमिनीत यंदा काय पेरलं. सातासाठी भाऊबंदकीत पिढ्या खर्ची पडल्या. बाराकडे मात्र सोसायटीचं कर्ज काढायची वेळ आली की लक्ष जायचं. आता चित्र पालटलं आहे. पीक विमा, हमीभावाची खरेदी, अतिवृष्टीची मदत, सगळं बाराच्या रकान्याशी बांधलं गेलं आहे, आणि तो रकाना भरायचं काम तलाठ्याच्या हातून निघून शेतकऱ्याच्या फोनवर आलं आहे. म्हणून 'ई-पीक पाहणी' या सरकारी ॲपची परीक्षा फोन, खत, पंप यांच्या परीक्षेइतकीच बारकाईनं व्हायला हवी. हे लिहिताना डोळ्यांसमोर सांगली जिल्हा आहे : वाळव्याचा ऊस, तासगावची द्राक्षं, मिरजेची हळद, शिराळ्याचा भात आणि जतचा शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी. एकाच ॲपला या पाचही ठिकाणी चालायचं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली १५ ऑगस्ट २०२१ रोजी. २०२२ च्या खरिपात दुसरी आवृत्ती आली. तिच्यात गटाचा, म्हणजे नंबर पडलेल्या जमिनीच्या तुकड्याचा, मध्यबिंदू धरून तुम्ही शेतापासून किती लांब आहात हे दिसू लागलं, ४८ तासांत स्वतःची नोंद दुरुस्त करायची सोय झाली, मिश्र पिकात मुख्य पिकासोबत आणखी तीन पिकं टाकता येऊ लागली, आणि तलाठ्यानं सगळ्याच नोंदींऐवजी दहा टक्के नोंदी तपासायच्या असं ठरलं. त्यानंतर शेतकरी आणि शेतजमिनीची डिजिटल माहिती एकत्र आणणाऱ्या केंद्राच्या ॲग्रिस्टॅक योजनेतला डिजिटल क्रॉप सर्व्हे आला आणि २०२४ च्या रब्बीपासून राज्यभर 'डीसीएस' नावाचं सध्याचं ॲप लागू झालं. यात मध्यबिंदूऐवजी गटाची हद्दच नकाशावर धरली जाते, आणि फोटो त्या हद्दीत किंवा अगदी लगत उभं राहूनच काढावा लागतो.

कल्पना चांगली आहे, हे आधी स्वच्छ सांगायला हवं. पूर्वी चार-पाच गावांचा सजा सांभाळणारा तलाठी प्रत्येक बांधावर जाणं शक्यच नव्हतं. चावडीत बसून गेल्या वर्षीचं पीक यंदा उतरवलं जायचं. द्राक्षबाग काढून दोन वर्षं झाली तरी बारावर द्राक्षच असायची, आणि हळद लावणाऱ्याच्या बारावर सोयाबीन. आता शेतकरी स्वतः नोंद करतो, फोटो जोडतो, चुकलं तर दोन दिवसांत सुधारतो, आणि यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. हा हक्क मोठा आहे आणि तो सोडू नये.

आता प्रत्यक्ष काम. प्ले स्टोअरवरून ॲप घेताना नावात 'डीसीएस' आहे ना ते बघा. जुन्या आवृत्त्या फोनमध्ये पडून असतात आणि माणसं त्याच उघडून बसतात. दर हंगामाच्या सुरुवातीला अपडेट करा. ॲप उघडल्यावर लोकेशन आणि कॅमेऱ्याची परवानगी द्या, शेतकरी म्हणून लॉगिन करा, मोबाईल नंबर टाका, ओटीपी घ्या. मग जिल्हा, तालुका, गाव निवडून खातेदार शोधायचा. इथे नावानं शोधण्याच्या फंदात पडू नका. सातबाऱ्यावर 'ज्ञानू' आणि आधारवर 'ज्ञानदेव', किंवा मधलं नाव आजोबांचं लागलेलं, असले घोळ घरोघरी आहेत. खाते क्रमांक किंवा गट क्रमांक टाका, लगेच सापडतं. खाते क्रमांक आठ-अ उताऱ्यावर असतो. एका फोनवरून घरातल्या इतर खातेदारांचीही नोंद करता येते, त्यामुळे स्मार्टफोन नसलेल्या आईवडिलांची अडचण होत नाही.

पुढच्या पानावर खाते, गट, हंगाम, पिकाचा वर्ग, पिकाचं नाव, क्षेत्र, सिंचनाचं साधन, सिंचनाची पद्धत आणि लागवडीची तारीख. सर्वात जास्त चुका होतात त्या क्षेत्राच्या रकान्यात. आपलं डोकं एकर-गुंठ्यात चालतं आणि ॲप हेक्टर-आरमध्ये. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे कामापुरता एक गुंठा बरोबर एक आर धरा. चाळीस गुंठ्यांचा एकर ०.४० होतो. अर्धा एकर ०.२० होतो. अर्धा एकर म्हणून ०.५० टाकलं तर सव्वा एकराची नोंद झाली. एक एकर म्हणून १.०० टाकलं तर अडीच एकर झाले. गटाचं एकूण क्षेत्र कमी असेल तर ॲप अडवतं आणि चूक कळते. गट मोठा असेल तर ते मुकाट्यानं घेतं, आणि चूक थेट विम्याच्या वेळी वर येते, कारण विमा अर्ध्या एकराचा आणि नोंद सव्वा एकराची.

सामाईक खातं असेल तर या रकान्यात आणखी जपावं लागतं. समजा गट १ हेक्टर २० आरचा, त्यातला पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, ५ आर. पिकाखाली उरलं १.१५. चार भाऊ, तोंडी वाटणी झालेली, सातबारा मात्र एकच. प्रत्येकाच्या वाट्याला पावणेएकोणतीस आर येतात. पहिल्या भावानं घाईनं १.१५ टाकलं की बाकी तिघांना क्षेत्रच शिल्लक दिसत नाही. मग ४८ तासांच्या आत पहिल्याच्याच फोनवरून दुरुस्ती करून घ्यावी लागते, आणि तो भाऊ पुण्याला असेल तर दोन दिवस फोनाफोनीतच जातात. म्हणून सामाईक गटात आधी घरात बसून कोण किती टाकणार ते ठरवा, कागदावर लिहा, मगच फोन हातात घ्या.

सिंचनाचा रकाना घाईत भरू नका. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांच्या लाभक्षेत्रात बऱ्याच शेतांना विहीर आणि योजनेचं पाणी दोन्ही मिळतं. या पिकाला ज्या पाण्याचा खरा आधार आहे तेच साधन निवडा. विहीर बागायत असताना 'अजलसिंचित', म्हणजे कोरडवाहू, नोंद झाली तर कर्जाचा पीकदर, म्हणजे हेक्टरी किती कर्ज मिळणार ते, ठरवताना तो उतारा तुमच्याविरुद्ध बोलतो.

'पड' निवडतानाही घोळ होतो. जतमध्ये खरिपात रान मोकळं ठेवून रब्बीला शाळू किंवा हरभरा घ्यायची रीत आहे. अशा रानाची खरिपाची नोंद 'चालू पड' अशी करायची. 'कायम पड' म्हणजे हे रान पिकाखाली येतच नाही असं तुम्ही स्वतः लिहून देता. दोन शब्दांत फरक एकाचाच, पण परिणाम फार वेगळा. जिथे रब्बीचंच पीक मुख्य आहे तिथे खरिपात काहीच नोंद न करता बसू नका. चालू पड नोंदवा आणि रब्बीची खिडकी, म्हणजे नोंदीची मुदत, उघडली की शाळू टाका.

आता फोटो. ॲपची खरी कसोटी इथेच लागते. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरच्या आत जागा दाखवतं. पाच मीटर म्हणजे सोळा फूट. चौरस एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. वाटण्या होऊन वीस-पंचवीस फुटांच्या पट्ट्या पडलेल्या रानात सोळा फुटांची चूक म्हणजे तुम्ही स्वतःच्या पिकात उभे असताना फोन तुम्हाला शेजाऱ्याच्या पिकात उभं करतो. हा फोनचा दोष म्हणता येणार नाही, ती त्या यंत्राची मर्यादा आहे. आठ-नऊ फूट वाढलेल्या उसात शिरलात की आभाळ झाकतं, उपग्रहांचे संकेत पानांत अडतात आणि चूक आणखी वाढते. द्राक्षाच्या मांडवाखालीही तेच, वर ओला पाला आणि लोखंडी तारा.

यावर उपाय आहेत. शेतात पोचल्यावर लगेच ॲप उघडू नका. फोनमधलं बॅटरी सेव्हर बंद करा. ते चालू असलं की लोकेशन मंदावतं. लोकेशन सेटिंगमध्ये अचूकतेचा पर्याय चालू ठेवा, तारीख-वेळ आपोआपवर ठेवा. मोकळ्या जागेत, सरीच्या तोंडाशी किंवा मांडवाच्या बाहेर, दोन मिनिटं उभे राहा. आधी गूगल मॅप उघडून निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ लहान होईपर्यंत थांबा. ते आक्रसलं की मग ई-पीक पाहणी उघडा. ऊस असेल तर मधोमध शिरायची गरज नाही. बांधाच्या आत चार-पाच पावलं, पीक फोटोत ठळक दिसेल असं उभं राहा. द्राक्षाला ओळीच्या तोंडापासून मांडव आणि खोड दोन्ही येतील असा फोटो घ्या. हळदीला वरून काढलेला नुसत्या पानांचा फोटो केळीच्या रोपांसारखा दिसतो; कंबरेच्या उंचीवरून गादीवाफा आणि ओळ दिसेल असा घ्या. सकाळी नऊ-दहाची वेळ बरी, कारण उजेड असतो आणि संध्याकाळी घरोघर अपलोड सुरू झाल्यावर सर्व्हरवर येणारा ताण तोवर आलेला नसतो.

शेतात रेंज नसेल तर माहिती आणि फोटो फोनमध्ये साठवून रेंजमध्ये आल्यावर अपलोड करा. मात्र लॉगिन, ओटीपी आणि गटांची यादी यासाठी नेट लागतंच, तेव्हा तेवढं घरूनच उरकून निघा. आणि अपलोड बाकी असताना ॲप अडकलं म्हणून काढून टाकून परत घेऊ नका. साठवलेली नोंद त्याच्यासोबतच जाते, आणि पुन्हा शेतात जावं लागतं.

हे सगळं नीट करूनही 'तुम्ही गटाच्या बाहेर आहात' असा संदेश येतो तेव्हा चूक फोनची नसते, नकाशाची असते. ॲपमध्ये दिसणाऱ्या हद्दी आल्या कुठून? भूमी अभिलेखच्या गाव नकाशांवरून. मूळ मोजणी इंग्रजांच्या काळातली, साखळीनं केलेली. त्यावर १९४७ च्या कायद्याखाली एकत्रीकरण योजना आली, सर्व्हे नंबरांचे गट झाले, आणि अनेक गावांत कागदावरचा गट आणि प्रत्यक्ष वहिवाट यांचा मेळ तेव्हापासूनच बसलेला नाही. कपड्यावर चिकटवलेले, घड्या पडलेले, आकसलेले ते नकाशे स्कॅन करून त्यांच्या रेघा संगणकात ओढल्या गेल्या आणि मग त्या उपग्रहाच्या चित्रावर बसवल्या गेल्या. या प्रत्येक टप्प्यावर रेघ थोडी सरकते. कुठे ओढ्यानं पात्र बदललं, कुठे रस्ता रुंद झाला, कुठे कालव्यात जमीन गेली. नदीकाठच्या मळीच्या रानात तर जमीनच दर पुरानंतर आपली कड बदलते. त्यामुळे एखाद्या शिवारात सगळ्याच गटांच्या हद्दी एकाच दिशेला दहा-वीस मीटर सरकलेल्या दिसतात. तिथे शेतकऱ्यानं कितीही वेळ आभाळाखाली उभं राहिलं तरी उपयोग नाही.

शिवाय नकाशा दाखवतो तो गट. गटाच्या आत कोणाचा हिस्सा कुठे हे त्याला ठाऊकच नसतं, कारण पोटहिश्श्याची मोजणी झालेलीच नाही. त्यामुळे चार भावांतल्या कुणीही गटात कुठेही उभं राहून फोटो काढला तरी ॲप तो मान्य करतं. म्हणजे ज्या गावात नकाशा सरकलेला आहे तिथे प्रामाणिक माणूस अडतो, आणि ज्या गटात वाटण्या झाल्या आहेत तिथे दुसऱ्याच्या पिकाचा फोटो सहज खपतो. हद्दीची अट फसवणूक रोखण्यासाठी आणली, पण नकाशाचं काम अर्धवट ठेवून ती लावल्यामुळे तिचा जाच ज्याचा काही दोष नाही त्यालाच जास्त होतो. ही या सेवेची सर्वात मोठी उणीव आहे, आणि ती ॲपच्या नव्या आवृत्तीनं भरून निघणारी नाही. कॉर्स स्थानकं (एका जागी कायम बसवलेली उपग्रह-संकेतांची केंद्रं) आणि रोव्हर (शेतात फिरवायचं मोजणीयंत्र) घेऊन केलेली मोजणी सेंटीमीटरांपर्यंत अचूक येते. ते तंत्र भूमी अभिलेखकडे आहे. गावागावांत ती मोजणी पोटहिश्श्यासकट झाली पाहिजे. तोवर हद्दीचा संदेश आला तरी नोंद घेऊन, ती तपासणीसाठी बाजूला काढायची सोय असायला हवी.

तसा संदेश आला तर आजच्या घडीला करायचं ते असं : संदेशाचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट ठेवा, फोनच्या साध्या कॅमेऱ्यानं लोकेशन चालू ठेवून पिकाचे दोन फोटो काढा, आणि ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठी भाऊसाहेबांकडेच, गट क्रमांक, पीक, क्षेत्र लिहून साधा अर्ज द्या. दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. गावासाठी नेमलेल्या सहायकालाही त्याच दिवशी सांगा. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेले गट सहायक करतो, आणि त्याच्या यादीत तुमचा गट राहिला पाहिजे. पोहोच नसेल तर पुढे 'तुम्ही नोंदच केली नाही' एवढंच उत्तर मिळतं.

पिकांच्या बाबतीत ॲपची मांडणी हंगामी पिकाला सोपी आणि आपल्याकडच्या लांब मुदतीच्या पिकाला अवघड जाते. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतं. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो आणि सोळा ते अठरा महिने रानात राहतो. २० जुलै २०२५ ला लावलेला ऊस २०२६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरला तुटतो. म्हणजे २०२५-२६ मध्ये एकदा आणि २०२६-२७ मध्ये पुन्हा, अशी त्याच उसाची दोनदा नोंद व्हायला हवी. 'गेल्या वर्षी केली आहे की' म्हणून दुसरी नोंद राहते आणि तोडीच्या तोंडावर बारा कोरा दिसतो. दुसऱ्या वर्षीही लागवडीची तारीख मूळचीच टाका. खोडव्याचं, म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यातून फुटलेल्या उसाचं, वय आधीच्या तोडीपासून मोजतात, म्हणून तिथे तोडीची तारीख धरा. कारखान्याच्या चिटबॉयनं, म्हणजे ऊस नोंदवून घेणाऱ्या कर्मचाऱ्यानं, ऊस नोंदीत जी तारीख लिहिली आहे तीच इथे आली पाहिजे; दोन कागदांवर दोन तारखा असल्या की नंतर खुलासे देत बसावं लागतं. खरं तर कारखान्यांच्या शेतकी विभागाकडे गटनिहाय उसाची नोंद आधीच असते. ती आणि ही एकमेकांशी पडताळून बघितली तर जिल्ह्यातल्या उसाचं अर्धं काम हलकं होईल.

हळद मे-जूनमध्ये लागते, म्हणजे नवं महसुली वर्ष सुरू व्हायच्या आधीच. लागवडीची तारीख मेची असली तरी नोंद ऑगस्टच्या खिडकीतच करायची, हे ध्यानात ठेवा. द्राक्षाला खरीपाची खिडकीच सोयीची, कारण एप्रिल छाटणीनंतरचा पाला मांडवावर भरलेला असतो आणि बाग फोटोत बाग दिसते. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे काही दिवस मांडवावर नुसत्या काड्या असतात. त्या फोटोवरून बाग चालू आहे की सोडून दिलेली, हे तपासणाऱ्याला सांगता येणार नाही. ऊस आणि फळबागांना हंगामात 'संपूर्ण वर्ष' निवडा.

मिश्र पिकात सोयाबीन-तुरीचं उदाहरण घ्या. एक एकरात चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. सहा ओळींत वाटणी केली तर ०.४० मधले सोयाबीनला ०.२७ आणि तुरीला ०.१३ येतात. बेरीज ०.४० च्या पुढे जाऊ देऊ नका. पुष्कळजण अख्खं ०.४० सोयाबीन टाकून मोकळे होतात. मग हमीभावाच्या केंद्रावर तूर घेऊन गेल्यावर उताऱ्यावर तूरच नसते. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये आहे. बाजारात भाव त्याच्या खाली असताना केंद्रावर माल जाणं न जाणं या एका रकान्यावर अवलंबून असतं.

आता मुदत. खरीप २०२५ ची शेतकऱ्यांसाठीची खिडकी १ ऑगस्टला उघडली आणि १४ सप्टेंबरला बंद व्हायची होती. पुढे ती वाढवावी लागली. कृष्णा-वारणेच्या काठी राहणाऱ्याला या तारखा वाचल्याबरोबर अडचण कळते. २०१९ चा महापूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आला, २०२१ चा जुलैच्या अखेरीला. म्हणजे ज्या दिवसांत पलूस, वाळवा, मिरजेच्या काठावरची रानं पाण्याखाली जातात त्याच दिवसांत ही खिडकी उघडते. पीक बुडायच्या आधी फोटो घ्यायला संधीच नाही, आणि पाणी ओसरल्यावर फोटोत कुजलेला सोयाबीन दिसतो. पूरपट्ट्यातल्या गावांसाठी ही खिडकी १ जुलैपासून उघडायला काय हरकत आहे? पेरणी तोवर झालेली असते. ही मागणी गावागावांतून ग्रामसभेच्या ठरावानं वर गेली पाहिजे. तोवर काठावरच्या शेतकऱ्यांनी १ ऑगस्टलाच, शक्य झालं तर पहिल्या दोन दिवसांत, नोंद उरकावी. मुदत वाढेल या भरवशावर बसू नये.

नोंद राहिली तर काय होतं याचं ताजं उदाहरण आहे. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अशी मदत जाहीर झाली आणि पात्रता ई-पीक पाहणीवर ठरवली. पीक होतं पण ॲपमध्ये नोंद नव्हती असे शेतकरी इतके निघाले की ती अट नंतर शिथिल करावी लागली. विम्यात नियम आणखी कडक आहे. विमा एका पिकाचा आणि ई-पीक पाहणीत दुसरं पीक असेल तर ई-पीक पाहणीची नोंद धरली जाते. खरीप २०२५ पासून एक रुपयातला विमा बंद होऊन खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना पाच टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्यानं भरायचा आहे. स्वतःच्या खिशातून हप्ता भरून नोंदीतल्या चुकीपायी दावा गमावणं कुणालाच परवडणारं नाही. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांकही सक्तीचा झाला आहे. तो आधारशी जोडलेला असतो, म्हणून सातबाऱ्यावरच्या आणि आधारवरच्या नावातली तफावत आधी मिटवून घ्या. दोन्हीकडचं नाव जुळल्याशिवाय पुढची साखळी लागत नाही.

माहितीच्या गुप्ततेबद्दल मात्र या ॲपला फार कमी गुण द्यावे लागतात. गावातल्या कुठल्या खातेदारानं काय नोंदवलं हे ॲपच्या यादीत दिसतं, आणि भूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा कुणीही, कुणाचाही बघू शकतो. गावात एकमेकांची पिकं माहीत असतातच, त्यात नवीन काही नाही. पण गटनिहाय, तारखेनिहाय, फोटोसकट नोंद म्हणजे कुठल्या शिवारात किती हळद येणार याचा अंदाज लागवडीनंतर तीन महिन्यांत बांधता येतो. ही माहिती व्यापाऱ्याला, विमा कंपनीला, कर्ज देणाऱ्या ॲपला कोणत्या अटीवर मिळणार? ॲग्रिस्टॅकच्या मांडणीत शेतकऱ्याच्या संमतीचं तत्त्व आहे. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तेव्हा साधी अपेक्षा ही की ॲपमध्येच एक पान असावं : माझी नोंद कोणी, कधी, कशासाठी बघितली. बँकेच्या पासबुकात प्रत्येक काढलेला रुपया दिसतो, तसं.

याच वेळी मोठमोठ्या घोषणा होत आहेत. केंद्राचं डिजिटल कृषी मिशन २८१७ कोटींचं, सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेलं. राज्याचं महाॲग्री-एआय धोरण जून २०२५ मध्ये मंजूर झालं, त्यासाठी ५०० कोटी. कृत्रिम बुद्धिमत्ता पिकाचा अंदाज सांगेल, कीड ओळखेल, सल्ला देईल, असं बातम्यांत येतं. येऊ दे. पण ती शिकणार कशावरून? याच नोंदींवरून. अर्ध्या एकराच्या जागी सव्वा एकर, तुरीच्या जागी नुसतं सोयाबीन, शेजाऱ्याच्या रानातला फोटो आणि वीस मीटर सरकलेली हद्द, हे तिला खाऊ घातलं तर सल्लाही तसलाच येणार. त्या ५०० कोटींतला चांगला वाटा आधी पोटहिश्श्याच्या मोजणीला आणि सहायकांच्या प्रशिक्षणाला गेला तर पुढचं सगळं उभं राहील. खतपाणी मुळाला घालायचं असतं हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही.

एकंदर पाचपैकी तीन गुण. दीड गुण हक्क हातात आल्याचा, एक फुकट सेवेचा, अर्धा ४८ तासांच्या दुरुस्तीचा. कापलेले दोन नकाशाचे आणि माहिती कोण बघतं याचा हिशेब नसल्याचे. हेल्पलाइन आहे, पण शेवटच्या आठवड्यात तिच्यावर विसंबू नका.

नोंद अपलोड झाल्यावर काम संपलं असं समजू नका. ॲपमधल्या गावाच्या यादीत तुमचं नाव हिरवं झालं का बघा, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. ४८ तासांच्या आत पीक, क्षेत्र आणि तारीख पुन्हा एकदा वाचा, कारण त्यानंतर दुरुस्ती तुमच्या हातात राहत नाही. काही दिवसांनी भूलेखवर सातबारा फुकट उघडून बाराचा रकाना तपासा. बरोबर असेल तर डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत काढून त्याची फाइल फोनमध्ये आणि एक छापील प्रत सोसायटीच्या कागदांत ठेवा. रकाना कोरा असेल तर स्क्रीनशॉट आणि सातबारा घेऊन त्याच आठवड्यात तलाठी कार्यालयात जा.